चमचा, पाव आणि वीस शब्द

1962 च्या नोव्हेंबरमध्ये मॉस्कोच्या 'नोवी मीर' या मासिकात एक लघुकादंबरी छापून आली. स्टालिनच्या काळातील श्रमछावणीचे चित्र सोव्हिएत देशात इतक्या उघडपणे प्रथमच, आणि तेही तेव्हाचे सोव्हिएत नेते ख्रुश्चेव यांच्या संमतीने, वाचकांपुढे येत होते. लेखक होते अलेक्सांद्र सोल्झेनित्सिन आणि पुस्तक होते 'इवान देनिसोविचच्या आयुष्यातील एक दिवस'. त्यातला शुखोव हा साधा खेडूत आहे. छावणीच्या दप्तरात तो श्च-854 या क्रमांकाने ओळखला जातो. त्याच्या बुटात एक चमचा खोचलेला असतो. ॲल्युमिनियमची तार वितळवून, वाळूच्या साच्यात ओतून हा चमचा त्याने स्वतः घडवला आहे आणि त्यावर आधीच्या छावणीचे नाव व 1944 हे साल कोरलेले आहे. जेवायला बसताना शुखोव डोक्यावरची टोपी काढतो. सूपमधल्या माशाचे डोळे जागच्या जागी असले तर तो खातो, पण सुटून वाडग्यात तरंगत असले तर खात नाही. सोबती त्यावरून त्याला हसतात, तरी तो आपला नेम मोडत नाही.

जुलमी सत्तेखाली माणसाचे माणूसपण कसे झिजते, हे साहित्य कसे दाखवते, असा प्रश्न विचारला की आपल्या मनात आधी छळाची दृश्ये येतात. चाबूक, अंधारकोठडी, फाशीचा खांब अशी ती दृश्ये असतात. परंतु ज्यांनी हे जग आतून पाहिले त्या लेखकांची पुस्तके उघडली, तर छळाचे वर्णन त्यांत अपेक्षेपेक्षा बरेच कमी सापडते. त्याऐवजी चमचा, पावाचा तुकडा, पायाला गुंडाळायची चिंधी, अंगावरचा स्वेटर अशा वस्तू पानोपानी भेटतात. जुलूम करणाऱ्याचा चेहराही क्वचितच दिसतो. स्टालिन किंवा हिटलर ही पात्रे म्हणून तिथे जवळजवळ नसतातच. या लेखकांचे सारे लक्ष एका गोष्टीवर असते: सत्ता माणसाला मारण्याआधी त्याला आतून कसे कमी कमी करत नेते, आणि ते कमी होणे नेमके कोणत्या वस्तूपाशी येऊन दिसते.

म्हणून आपणही चमच्यापासूनच सुरुवात करू, कारण तो तीन वेगवेगळ्या लेखकांच्या लिखाणात आला आहे आणि तिघांकडे त्याचा अर्थ वेगळा आहे.

प्रीमो लेवी हे इटलीतील तुरिन शहराचे ज्यू रसायनतज्ज्ञ. डिसेंबर 1943 मध्ये त्यांना पकडण्यात आले आणि पुढच्या फेब्रुवारीत ते आउशवित्झच्या नाझी छावणीत पोचले. तिथे त्यांच्या हातावर 174517 हा क्रमांक गोंदला गेला. 1986 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अखेरच्या निबंधसंग्रहात ते सांगतात, की नव्या कैद्याला सूप मिळे, चमचा मात्र मिळत नसे. वाडग्याला तोंड लावून कुत्र्यासारखे चाटणे, नाहीतर छावणीतल्या चोरट्या बाजारात पाव मोजून चमचा विकत घेणे, एवढेच दोन मार्ग होते, आणि एका चमच्यासाठी अर्ध्या दिवसाचा पाव द्यावा लागे. छावणी मुक्त झाल्यावर कोठारे उघडली, तेव्हा प्लास्टिकचे हजारो कोरे चमचे तिथे पडलेले आढळले. शिवाय आलेल्या लोकांच्या सामानातून काढून घेतलेले ॲल्युमिनियमचे, पोलादाचे आणि चांदीचेही चमचे होते. म्हणजे चमच्यांचा तुटवडा नव्हता. माणसाने चाटून खावे अशीच व्यवस्था होती.

असे का, याचे उत्तर शोधताना लेवी ट्रेब्लिंका छावणीच्या माजी प्रमुखाच्या एका मुलाखतीचा आधार घेतात. माणसे मारायचीच होती, तर आधी त्यांची एवढी विटंबना कशासाठी, असे त्याला विचारले गेले. ज्यांना प्रत्यक्ष हे काम करायचे होते त्यांना ते जमावे म्हणून, अशा अर्थाचे उत्तर त्याने दिले. घाणीने माखलेला, चिंध्या पांघरलेला, वाडगा चाटणारा जीव समोर असला की मारणाऱ्याच्या मनावरचा भार हलका होतो. आपण काही माणसाला मारत नाही, अशी समजूत त्याला करून घेता येते. या विषयावरचे साहित्य समजून घ्यायला हा मुद्दा फार मोलाचा आहे, असे मला वाटते. विटंबना ही एखाद्या विकृत पहारेकऱ्याची लहर असतेच असे नाही. पुष्कळदा ती कामाची सोय असते.

लेवींच्या पहिल्या पुस्तकातला एक प्रसंग हेच अगदी कमी शब्दांत सांगतो. हे पुस्तक 1947 मध्ये एका लहानशा प्रकाशकाने 2500 प्रतींत छापले, कारण मोठ्या प्रकाशनसंस्थेने ते नाकारले होते. आलेक्स नावाचा एक कैदीच मुकादम म्हणून इतर कैद्यांवर नेमलेला आहे. वाटेत लोखंडी तारेला हात लागून त्याच्या तळव्याला काळे वंगण लागते. तो शेजारी उभ्या असलेल्या लेवींच्या खांद्याला हात पुसतो, आधी तळवा आणि मग हाताची मागची बाजू. त्यात ना राग असतो ना हेटाळणी. पोतेऱ्याला हात पुसावा तसा तो पुसतो आणि पुढे चालू लागतो. आपण या कृतीवरून त्याला पारखतो, असे लेवी लिहितात. पुस्तकात याहून कितीतरी भीषण गोष्टी आहेत, तरी हे एक पान वाचकाच्या मनातून जात नाही, कारण इथे माणसाची वस्तू झालेली आपण डोळ्यांनी पाहतो.

आता तिसरा लेखक. 'इवान देनिसोविच' प्रसिद्ध झाल्यावर काही दिवसांतच वार्लाम शालामोव यांनी सोल्झेनित्सिन यांना एक दीर्घ पत्र लिहिले. पुस्तकाचे मनापासून कौतुक करून झाल्यावर त्यांनी काही शंका मांडल्या. तुमच्या छावणीच्या दवाखान्याजवळ मांजर फिरते. खऱ्या छावणीत ते केव्हाच खाल्ले गेले असते. तुमचे कैदी पाव गादीत लपवून कामावर जातात; आमच्याकडे गादी कुठली आणि मागे ठेवलेला पाव उरायचा कुठला? तुमच्याकडे चमच्याने जेवतात! ही अद्भुत छावणी आहे तरी कुठे, मला तिथे एखादे वर्ष काढता आले असते तर बरे झाले असते, अशा आशयाचे उद्गार त्या पत्रात आहेत. ही थट्टा नव्हे. ज्या माणसाने चौदाहून अधिक वर्षे कोलिमात काढली, त्याचा हा हिशोब आहे.

कोलिमा हा सायबेरियाच्या ईशान्य टोकाकडचा प्रदेश. जमिनीत सोने, वर्षाचे बहुतेक महिने बर्फ, आणि जहाजांतून आणून ओतलेले कैदी असे ते जग होते. धर्मगुरूचा मुलगा असलेले शालामोव 1907 साली वोलोग्दा येथे जन्मले. लेनिनचे दडपलेले मृत्युपत्र गुपचूप वाटण्याच्या कामात असताना 1929 मध्ये त्यांना प्रथम अटक झाली आणि उरलच्या छावणीत तीन वर्षांची शिक्षा झाली. जानेवारी 1937 मध्ये त्यांना पुन्हा पकडून कोलिमाला पाठवण्यात आले. 1943 मध्ये तिथेच आणखी दहा वर्षांची शिक्षा झाली. देश सोडून गेलेल्या इवान बूनिन यांना त्यांनी थोर रशियन लेखक म्हटले, हाही त्यांच्यावरच्या आरोपांचा एक भाग होता. एका कैदी डॉक्टरच्या आधाराने ते 1946 मध्ये वैद्यकीय सहायकाच्या अभ्यासक्रमाला लागले, म्हणून वाचले. पुढे सुमारे वीस वर्षे त्यांनी 'कोलिमाच्या कथा' लिहिल्या. त्या सोव्हिएत देशात पुस्तकरूपाने पाहणे मात्र त्यांच्या नशिबी नव्हते. 1982 च्या जानेवारीत ते वारले.

कोलिमात माणूस कसा झिजे, याचे यंत्र समजायला सोपे आहे. प्रत्येकाला दिवसाचे ठरावीक काम असे आणि त्या कामाच्या टक्केवारीवर पाव मिळे. काम कमी भरले की पाव कमी, पाव कमी झाला की अंगात बळ कमी, आणि बळ गेले की दुसऱ्या दिवशी काम आणखी कमी. शेवटी दिवसाला 300 ग्रॅमच्या दंडाच्या पावावर येऊन पोचलेल्या माणसासाठी रशियन छावण्यांत एक खास शब्द होता, दोखोद्यागा, म्हणजे शेवटाशी येऊन ठेपलेला. कुणीही कुणावर हात न उगारता हे घडू शकत असे, पावाचा तराजू पुरेसा होता. थंडी, भूक, अतिश्रम आणि मारहाण एकत्र आली की माणूस तीन आठवड्यांत पशू होतो, असे शालामोव यांनी छावणीत काय उमगले याची टिपणे काढताना लिहून ठेवले आहे.

त्यांच्या एका कथेत दुगायेव नावाचा तेवीस वर्षांचा कैदी आहे. त्याचे एकट्याचे काम मोजले जाते आणि ते 25 टक्के भरते. त्याला वाटते, आकडा बराच मोठा आहे. पायांच्या पोटऱ्या ठणकत असतात, हात-खांदे-डोके दुखत असते, भूक मात्र केव्हाच मेलेली असते. दुसऱ्या रात्री शिपाई त्याला उंच कुंपणाकडे घेऊन जातात. आपल्याला कुठे नेत आहेत हे कळल्यावर त्याला एकाच गोष्टीची खंत वाटते: आजचा दिवस उगाच राबलो, उगाच हाल काढले. कथा इथे संपते. लेखक हळहळत नाही, कुणाला शाप देत नाही, दुगायेवच्या आईची आठवणही काढत नाही. माणसाचे मन किती अरुंद झाले आहे, हे दाखवायला त्या खंतीपलीकडे काही लागतच नाही.

दुसऱ्या एका कथेत दोन कैदी रात्री डोंगरावर जाऊन ताज्या कबरीवरचे दगड बाजूला करतात. प्रेताच्या अंगावरचे आतले कपडे त्यांना हवे असतात, ते विकून पाव आणि तंबाखू मिळेल म्हणून. काम होते आणि दोघांना बरे वाटते. आणखी एका कथेत, जी कवी ओसिप मांडेलश्ताम यांच्या मृत्यूची कल्पना करून लिहिली आहे, मेलेल्या कवीचे शेजारी दोन दिवस त्याचा मृत्यू लपवून ठेवतात. पाव वाटणारा आला की ते प्रेताचा हात बाहुलीसारखा वर करतात आणि त्याच्या वाट्याचा पाव घेतात. त्यामुळे कवी आपल्या अधिकृत मृत्युदिनाच्या आधीच मरतो, आणि चरित्रकारांनी हा तपशील लक्षात घ्यावा, असे लेखक नोंदवतो.

वाचताना प्रश्न पडतो, की अशा गोष्टी इतक्या थंडपणे कशा सांगता येतात? शालामोव यांची भाषा ठरवून कोरडी केलेली आहे. कैद्यांना तापमापक दाखवत नसत, म्हणून जुन्या कैद्यांनी थंडी ओळखायच्या खुणा शोधल्या होत्या. धुके गोठलेले दिसले तर उणे चाळीस. श्वास बाहेर पडताना आवाज होतो पण त्रास होत नाही तर उणे पंचेचाळीस. आवाजासोबत धापही लागत असेल तर उणे पन्नास. थुंकी हवेतच गोठली तर उणे पंचावन्नच्या खाली. एका कथेत ही माहिती अशीच मोजमापासारखी येते, आणि 'भयंकर', 'अमानुष', 'हृदयद्रावक' यांसारखे एकही विशेषण तिच्या आसपास नसते. विशेषण हा वाचकाला मिळालेला आधार असतो. लेखक हळहळला की वाचकालाही हळहळून मोकळे होता येते. शालामोव ती सोय ठेवत नाहीत, थुंकीची खूण सांगतात आणि पुढच्या वाक्याकडे वळतात.

या साहित्याचे सर्वांत अवघड अंग अजून पुढे आहे. जुलमी सत्ता ज्यांना चिरडते त्यांनाच आपल्या कामाला लावते. लेवींनी या प्रदेशाला करडा पट्टा असे नाव दिले, कारण तिथे काळे आणि पांढरे वेगळे करता येत नाही. मुकादम झालेला कैदी, थोड्या जास्त सूपसाठी दुसऱ्याला मारणारा कैदी, नावांच्या याद्या करणारा कैदी, हे सगळे त्या पट्ट्यात मोडतात. पोलिश लेखक तादेउश बोरोव्स्की स्वतः आउशवित्झमधून वाचलेले होते. त्यांच्या कथेचा निवेदक रेल्वेच्या फलाटावर गाड्या रिकाम्या करणाऱ्या तुकडीत आहे. गाडीतून उतरलेले लोक गॅसकोठडीकडे जातात आणि त्यांच्या सामानातले अन्न या तुकडीला मिळते. निवेदकाला संताप येतो, तो मारणाऱ्यांचा नव्हे तर मरायला आलेल्यांचा, कारण त्यांच्यामुळे आपल्याला इथे राबावे लागते. बोरोव्स्कींनी या निवेदकाला स्वतःचेच नाव दिले. दुसऱ्याकडे बोट दाखवण्याचा मार्ग त्यांनी स्वतःच बंद करून टाकला, आणि माझ्या मते या साऱ्या साहित्यातला हा सर्वांत धाडसी निर्णय आहे.

मराठी वाचकाला हा करडा पट्टा परका नाही. विजय तेंडुलकरांचे 'घाशीराम कोतवाल' 1972 मध्ये पुण्यात रंगमंचावर आले. त्यातला घाशीराम हा परगावचा गरीब ब्राह्मण. पुण्यात त्याच्यावर चोरीचा आळ येतो, मारहाण होते, गावाबाहेर हाकलले जाते. त्या अपमानाचा सूड घेण्यासाठी तो आपली मुलगी नाना फडणविसांच्या हवाली करतो आणि बदल्यात कोतवाली मिळवतो. मग हातावर तापलेला गोळा ठेवून कबुलीजबाब काढणारा घाशीराम आपण पाहतो. काल ज्याला चोर ठरवून चिरडले, तोच आज चोर ठरवून चिरडतो. आणि तो डोईजड झाला की नाना त्याच्या मृत्यूच्या हुकमावर सही करून मोकळे होतात. छावणीचे साहित्य वाचून पुन्हा या नाटकाकडे गेलो, की रंगमंचावर रांगेने उभी राहून भिंत होणारी ती माणसे वेगळी दिसू लागतात. भिंतीमागे काय चालले आहे हे त्या प्रत्येकाला ठाऊक असते आणि तरीही ते डोलत, गात उभे असतात.

कुंपणाबाहेरच्या माणसांचे काय होते, हे रशियन लेखिका लिडिया चुकोव्स्काया यांनी दाखवले. त्यांचे पती, भौतिकशास्त्रज्ञ मात्वेई ब्रोनश्टाइन, यांना फेब्रुवारी 1938 मध्ये गोळी घालण्यात आली. 1939-40 च्या हिवाळ्यात, दडपशाहीचा तो काळ चालू असतानाच, चुकोव्स्काया यांनी लेनिनग्राडमध्ये 'सोफिया पेत्रोव्ना' ही छोटी कादंबरी वहीत लिहून लपवून ठेवली. स्वदेशात ती छापली गेली थेट 1988 मध्ये. नायिका विधवा आहे, प्रकाशनसंस्थेत टंकलेखनाचे काम करते, आणि तिचा इंजिनियर मुलगा पकडला जातो. तुरुंगाच्या खिडकीपुढे ती इतर बायकांबरोबर रांगेत उभी राहते, पण त्यांच्यापासून मनाने दूर राहते. तिला वाटते, यांची मुले खरोखरच देशद्रोही असणार, माझ्या मुलाच्या बाबतीत तेवढी चूक झाली आहे. रांगेतल्या प्रत्येक बाईला बहुधा हेच वाटत असणार, ही गोष्ट तिच्या ध्यानातच येत नाही. शेवटी मुलाचे पत्र चोरवाटेने येते. आपल्याला मारून कबुली घेतली, असे त्यात लिहिलेले असते. ती ते पत्र जाळून टाकते. तिला कुणी अटक केलेली नाही, तिचे जेवण कुणी तोडलेले नाही. तरीही मुलाचा शब्द तिने स्वतःच्या हाताने जाळला आहे.

त्याच शहरातल्या तशाच रांगेत कवयित्री आन्ना अख्मातोवा मुलासाठी सतरा महिने उभ्या राहिल्या. थंडीने ओठ निळे पडलेल्या एका बाईने त्यांना कानाशी येऊन विचारले, कारण तिथे सगळेच कुजबुजत, की हे तुम्हाला लिहिता येईल का? अख्मातोवांनी उत्तर दिले, येईल. 'रेक्विएम' हे काव्य त्यातून झाले. कागद घरात ठेवणे धोक्याचे होते, म्हणून विश्वासातल्या मोजक्या जणांनी त्या कविता पाठ केल्या. चुकोव्स्काया त्यांच्यापैकीच एक होत्या. अख्मातोवा चिठोऱ्यावर ओळी लिहून देत, ही बाई वाचून पाठ करी, आणि मग तो कागद जाळला जाई. एकाच काळात, एकाच शहरात कागद जाळण्याचे हे दोन प्रसंग आहेत, एक कादंबरीतला आणि एक खरा, आणि त्यांचा अर्थ परस्परांच्या पूर्ण उलट आहे.

माणूस या साऱ्यातून उंचावतो का, यावर मात्र या लेखकांचे एकमत नाही. सोव्हिएत श्रमछावण्यांवरच्या 'गुलाग आर्किपेलागो' या ग्रंथात सोल्झेनित्सिन तुरुंगाला आशीर्वाद देतात, कारण आपल्या आत्म्याची ओळख त्यांना तिथे झाली, आणि त्याच भागात ते शालामोव यांच्याशी नाव घेऊन वाद घालतात. शालामोव यांचे म्हणणे असे, की छावणी ही पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत कुणासाठीही वाईटच शाळा आहे आणि तिथला एक तासही माणसाने पाहू नये. काही अंशी हा फरक दोन छावण्यांचा आहे. 1951 मधली शुखोवची छावणी कठोर होती, पण 1938 मधल्या कोलिमाच्या सोन्याच्या खाणींइतकी नाही. तरीही वाद तेवढ्यावर मिटत नाही. माझा कल शालामोव यांच्याकडे आहे. दुःखाने माणूस मोठा होतो, हे आपल्याला ऐकायला आवडते, आणि कोणत्याही जुलमी सत्तेलाही तेच आवडेल. मात्र शालामोव यांनीच हेही प्रामाणिकपणे नोंदवले आहे, की धर्मश्रद्धा जपणारे लोक तिथे इतरांपेक्षा बरेच माणसासारखे टिकले. ते स्वतः श्रद्धाळू नव्हते.

ऑर्वेलच्या '1984' या 1949 मध्ये निघालेल्या कादंबरीत सत्ता शब्दकोश दरवर्षी लहान करत जाते, म्हणजे बंडाचा विचार करायला शब्दच उरणार नाहीत. कोलिमात त्यासाठी कुणाला कोश करायला बसावे लागले नाही, भुकेनेच ते काम केले. शालामोव यांच्या 'सेंटेन्शिया' या कथेचा निवेदक सांगतो, की गेली कित्येक वर्षे माझे विसेक शब्दांत भागत होते, आणि त्यांतले निम्मे शिव्यांचे होते. मेल्यासारख्या अवस्थेत तो पाणी तापवण्याच्या हलक्या कामावर येतो आणि त्याच्यात भावना एकेक करून परततात. आधी होता तो फक्त राग, हाडांच्या सर्वांत जवळ टिकून राहिलेला. मग बेपर्वाई येते. मग भीती, हे हलके काम जाईल अशी. मग मत्सर, मेलेल्या सोबत्यांचा. मग दया, तीही माणसांच्या आधी प्राण्यांची: सोबतचा एकजण पक्ष्यावर बंदूक धरतो तेव्हा हा त्याची नळी बाजूला सारतो. प्रेम परतत नाही.

आणि एके दिवशी, काही कारण नसताना, त्याच्या डोक्यात एक शब्द येतो: सेंटेन्शिया. रोमन, जुना, जंगलात कुणालाही न कळणारा. त्यालाही त्याचा अर्थ आठवत नाही. तो उभा राहून आकाशाकडे तोंड करून तो शब्द ओरडतो आणि हसतो. आठवडाभर शब्द पुटपुटत, सोबत्यांना घाबरवत आणि हसवत तो फिरतो, तेव्हा कुठे अर्थ उमगतो, आणि त्याला आनंद होतो व धडकीही भरते, कारण ज्या जगाकडे परतायचा रस्ता नाही तेच जग परत येऊ लागले आहे. मग मुख्य छावणीहून साहेब येतात. लार्चच्या तोडलेल्या खोडावर ग्रामोफोन ठेवला जातो, तबकडी फिरू लागते, आणि भोवती खुनी, घोडेचोर, राजकीय कैदी, मुकादम आणि मजूर असे सगळे उभे राहतात. साहेबही तिथेच उभा असतो, आणि त्याचा चेहरा असा असतो, जणू हे संगीत त्यानेच आमच्यासाठी लिहिले आहे.